बिल्ल्याचा कच्चा टाका

अब्बासच्या खोलीत मोठ्यानं बोलायला बंदी होती. नुसतं बोलायलाच नव्हे, दाराची कडी वाजवायला, भांडं आपटायला, वहाणा फरफटायलासुद्धा. जरा आवाज झाला की त्याचं सगळं अंग ताठ व्हायचं, पाठ अंथरुणावरून उचलली जायची, आणि ती पुन्हा खाली टेकेपर्यंत बघत उभं राहण्यावाचून आमच्या हातात काही नसायचं. उजेडही सोसत नव्हता, म्हणून त्याच्या वडिलांनी, उस्मानचाचांनी, खिडकीवर बैलाची एक अर्धवट भरलेली झूल टांगली होती. भर दुपारी मी आत गेलो. आमच्या फुटबॉल संघाचे बाकीचे नऊ जण बाहेर ओट्यावर बसले होते. एरवी ह्या नऊ जणांना गप्प करायला मला मास्तरकीचा आवाज काढावा लागतो. त्या दिवशी ते आपापल्या वहाणा हातात धरून बसले होते. अब्बासचे दात घट्ट आवळलेले होते, डोळे मात्र पूर्ण शुद्धीत. त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि चार वर्षांत जो प्रश्न मला एकदाही सुचला नव्हता तो नेमका तेव्हा सुचला... ‘अब्बास, आपल्या संघाच्या बिल्ल्यावर काय असावं असं तुला वाटतं?’ विचारून उपयोग नव्हता. त्याला तोंड उघडता येत नव्हतं. मी बाहेर आलो. दुसऱ्या दिवशी शाळेत प्रार्थना चालू असताना निरोप आला.

त्याला आता सहा आठवडे झाले. धनुर्वातानं गेला. वय तिशीच्या आतबाहेर. पुण्याच्या वाचकाला जुन्नरच्या एका झूलवाल्याचं नाव माहीत असण्याचं कारण नाही, आणि आमचा संघ कुठं गाजला म्हणावं तर तसंही नाही. जिंकण्यापेक्षा हरण्याचाच सराव आम्हांला जास्त. पण मला हे लिहिल्यावाचून राहवत नाही, आणि त्याचं कारण काही चांगलं नाही, ते पुढं येईलच.

आमच्याकडे फुटबॉल आणला तो हवालदारानं. हा गडी मूळ पेठचा, म्हणजे आंबेगाव तालुक्यातला. पलटणीतून सुटून आला तो ट्रंकेत एक चामडी चेंडू घेऊन, आणि नोकरी लागली जुन्नरात. तोवर आम्ही सगळे तालमीतले. मी पिंपळवंडीचा, इथं शाळेवर मास्तर. दगडू मढचा, हिरड्याच्या व्यापाऱ्याकडे तोलाईला. बाकीचेही असेच आसपासच्या गावांतून पोटासाठी आलेले. जुन्नरच्या नावानं खेळणाऱ्या अकरा जणांत जुन्नरात जन्मलेला एकटा अब्बास. ही गोष्ट तेव्हा कुणाच्या ध्यानातही आली नाही. मैदान म्हणजे बैलबाजाराची जागा. बाजार उठला की दुसऱ्या दिवशी शेणाचे पो बाजूला सारायचे, चार खुंट रोवायचे आणि अनवाणी खेळायचं. पहिल्या दिवशी आम्ही चेंडूपेक्षा एकमेकांच्याच पटात जास्त शिरलो. हवालदार कपाळाला हात लावून म्हणाला, “आरं, कुस्ती न्हाई ही! त्याला पाडायचं न्हाई, चेंडू न्यायचाय!”

अब्बास गोलवर उभा राहायचा. त्याला पळायचा कंटाळा, आणि हाताची बोटं अशी की सुटलेला दोरा हवेत पकडेल. चार पिढ्या त्यांच्या घरात बैलांच्या झुली भरण्याचं काम. बेंदराच्या सणाआधी महिनाभर त्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसे. प्रत्येक झुलीच्या कोपऱ्यात तो गिऱ्हाइकाच्या घराची खूण भरायचा. कुणाचं पिंपळपान, कुणाचा नांगर, कुणाची नुसती तीन टिंबांची ओळ. वही नाही, कागद नाही, सगळं डोक्यात. बाजारात लांबून येणारी जोडी बघून तो सांगायचा, “ही पिंपळवंडीची, मास्तर, तुमच्या चुलत्याची. त्यांची खूण आमच्या आज्यानं काढलेली हाय.” एकदा मी सहज विचारलं, तुमच्या घराची खूण कुठली रे? तो हसला. “आमच्याकडं बैल न्हाई, झूल न्हाई. खूण कशावर काढायची?” मीही हसलो, आणि चहा मागवला.

बिल्ल्याचं खूळ शिरलं ते पुण्याहून एक संघ खेळायला आला तेव्हा. त्यांच्या सदऱ्यांवर छातीशी डावीकडे रेशमी बिल्ले होते. त्यांचा कप्तान आम्हांला वरपासून खालपर्यंत बघत म्हणाला, “तुमची खूण काय?” आमच्यातल्या दोघांच्या अंगात तर सदरेही नव्हते. सामना हरलो त्याचं कुणाला काही वाटलं नाही, पण हे बोलणं फार झोंबलं. पुढच्या महिन्यात अब्बासनं अकरा हिरवे सदरे शिवले, प्रत्येकाच्या छातीवर खडूनं गोल आखला आणि म्हणाला, “सांगा आता, काय भरू?”

तिथून चार वर्षं आम्ही तेच सांगत बसलो. बाजारपेठेतल्या हॉटेलात दर शुक्रवारी बैठक. मी चिटणीस, मला इतिवृत्ताची भारी हौस. ठराव, उपसूचना, हरकत, सगळं रीतसर. खेळणारे अकरा, पण भांडायला निम्मं गाव. ज्यांनी जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता ते बशीतला चहा निवेस्तोवर तावातावानं बोलायचे. पहिली सूचना अर्थात शिवनेरीची. अब्बासनं आठ दिवसांत अकरा बिल्ले भरले, दहा आमच्या सदऱ्यांवर कच्च्या टाक्यानं टाचले आणि म्हणाला, घालून बघा, पटलं की पक्कं करतो. ही त्याची कामाची रीतच होती. कुठलीही झूल बैलाच्या पाठीवर टाकून मालकानं मान डोलावल्याशिवाय तो पक्का टाका घालत नसे. मान डोलावण्याऐवजी हवालदार उखडला. “गड तुमचा, मान्य. पन आमी आंबेगावकरांनी काय करायचं? आमी पावणं हाय का ह्या संघात?” झालं. बिल्ले उसवले. मग कुकडी नदी भरून टाचली. त्यावर पुन्हा हवालदारच, “कुकडी आमच्या शिवंला लागत न्हाई.” मग दगडूच्या हट्टानं माळशेजचा डोंगर भरला. तो बघून हॉटेलवाला म्हणाला, “भजं लई झ्याक काढलंय.” दगडू महिनाभर त्याच्या हॉटेलात फिरकला नाही. शेवटी बैल टाचला. बैल सगळ्यांचाच, त्यावर कोण काय बोलणार असं वाटलं होतं, तर ह्या वेळी हरकत मी घेतली. म्हटलं, बैलाचा बिल्ला लावून मैदानात उतरलो तर समोरचे हंबरतील. सगळे हसले. ठराव बारगळला. आपण केवढा विनोद केला म्हणून मी दोन दिवस खुशीत होतो.

प्रत्येक वेळी उसवायला अब्बासच. ब्लेडच्या पात्यानं एकेक टाका कापत बसायचा आणि म्हणायचा, “ठरवा राव एकदाचं. माझं काय, मी कायबी भरीन.” ह्या ‘कायबी’वर आम्ही निर्धास्त राहिलो. शिवनेरीच्या बैठकीत मात्र एक गोष्ट घडली होती. गडाचं नाव निघाल्यावर एकानं उगाच अब्बासकडे बघितलं. त्यानं ते ओळखलं आणि चटकन म्हणाला, “गड असू द्या की. माझा जन्म त्याच्या पायथ्याचाच हाय.” वही माझ्यापुढं उघडी होती. मी ते लिहिलं नाही. शिवणाऱ्याचं मत कुठं लिहायचं असतं, असं काहीतरी माझ्या डोक्यात असावं. आता ती वही काढून बघतो, तर चार वर्षांत दगडूच्या नावावर एकवीस हरकती आहेत, माझ्या नावावर त्याहून जास्त. अब्बासच्या नावापुढं फक्त ‘हजर’.

आता ते सांगतो, ज्यासाठी लिहायला बसलो. शेवटचा सामना साधाच होता, आपसातला. दुसऱ्या अर्ध्यात अब्बासनं खाली लोळण घेऊन चेंडू अडवला, आणि उठताना त्याच्या टाचेत बैलाच्या पत्रीचा गंजका खिळा घुसला. बैलांच्या खुरांना पत्र्या ठोकणारे तिथंच गोलाच्या मागं बसायचे. रक्त भळाभळा वाहू लागलं. मी दुसऱ्या टोकाला होतो, तिथून धावत आलो. खिळा मी उपसला. तालमीत आम्हांला लहानपणापासून एकच औषध माहीत. कुठं सोललं, कापलं, की आखाड्यातली माती दाबायची. तिथल्या मातीत तेल, ताक, हळद मुरवलेली असते. ती लावून आमच्या शेकडो जखमा बऱ्या झाल्या आहेत. मी खाली वाकलो, मूठभर माती उचलली आणि त्याच्या टाचेत अंगठ्यानं भरली. तो “स्स” करून कळवळला, तसा मी म्हणालो, “गप रे, आपलीच माती हाय!” मैदानातली ती माती म्हणजे कित्येक वर्षांचं बैलांचं शेणमूत. मी मास्तर आहे. आरोग्यावरचा धडा दरवर्षी शिकवतो. पण त्या क्षणी मला मातीमातीत फरक दिसला नाही. रक्त थांबलं, आणि मला वाटलं, आपण वेळेवर पोचलो.

आठ-नऊ दिवसांनी त्याचा जबडा धरला. त्याला वाटलं दाढ दुखतेय. डॉक्टरांनी टाच बघितली आणि विचारलं, “जखमेत माती कुणी घातली?” हवालदार म्हणाला, “आमीच, डाक्टर.” मी शेजारीच उभा होतो. डॉक्टर म्हणाले, लस पहिल्याच दिवशी टोचायला हवी होती; आता टोचू, पण... मग म्हणाले, खिळ्यानंच झालं असेल, मातीवर खापर फोडू नका, नक्की कुणालाच सांगता यायचं नाही. ते ‘आमीच’ नव्हतं. मी होतो, एकटा. हवालदारानं माझ्यासाठी शब्द बदलला आणि मी तो बदलू दिला. पाचव्या दिवशी सगळं आटोपलं. कबरस्तानात खांदा द्यायला मी होतो. त्यांच्यात शेवटी प्रत्येकजण तीन मुठी माती घालतो. सगळ्यांनी घातली. मी वाकलो, मूठ भरली, आणि ती माझ्याच्यानं उघडेना. दगडूनं माझं मनगट धरलं, बोटं सोडवली.

पुढच्या शुक्रवारी आम्ही दहा जण हॉटेलात बसलो. हवालदार म्हणाला, “शिवनेरीच भरू. त्यो हो म्हनला व्हता त्याला.” म्हणजे ते वाक्य फक्त माझ्याच लक्षात होतं असं नाही. एकानंही हरकत घेतली नाही. चार वर्षांचं भांडण चहा यायच्या आत मिटलं, आणि मला तिथून उठून जावंसं वाटलं.

आमचे सदरे अब्बासकडेच धुऊन ठेवलेले असत. ते आणायला मी चाचांकडे गेलो. बैल नाकारला तेव्हा तोही बिल्ला उसवून झाला होता, त्यामुळं सगळ्या छात्या रिकाम्या होत्या. चाचा बिल्ला भरतील का, हे विचारायचं होतं. पण त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही. मग न ठरवताच माझ्या तोंडून निघून गेलं, “चाचा, माती मी लावली होती.” ते सदऱ्यांच्या घड्या घालत होते. घड्या घालायचं न थांबवता म्हणाले, “ठाऊक हाय, बेटा. दातखीळ बसायच्या आदी त्यानंच सांगितलं. म्हनला, सगळं मैदान वलांडून मास्तर पयला आला.” त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी गठ्ठा उचलला आणि चालू लागलो.

अकराही सदरे आता माझ्या खोलीत, खुंटीवर आहेत. पक्का टाका कुणाला येत नाही. दगडूनं एकदा प्रयत्न केला, बोट टोचून घेतलं आणि सुई टाकून दिली. बाहेर उजेड असला की कधीकधी मी एकेक सदरा खिडकीशी धरून बघतो. माझ्या छातीवर सुईच्या बारीक भोकांची चार वर्तुळं दिसतात, एकात एक अडकलेली : गड, नदी, डोंगर, बैल. हवालदाराच्या सदऱ्यावर तशीच चार, दगडूच्याही. दहा सदऱ्यांवर चार-चार. अब्बासचा सदरा मी असाच धरला, उलटा केला, सुलटा केला. त्याच्यावर खडूचा गोल तेवढा पुसट उरला आहे. चार वर्षांत त्यानं स्वतःच्या सदऱ्यावर एकदाही बिल्ला टाचला नव्हता. त्याला कच्चा नको होता. आमचं ठरायची वाट बघत होता तो... त्या कापडाला कुठं एक भोक नाही.