न पुरलेली नाळ

आमच्याकडं, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, मूल जन्मलं की त्याची नाळ घराजवळ मातीत पुरतात. नाळ उघड्यावर राहिली तर पोराचा जीव घर शोधत फिरतो, असं आई सांगायची. मी पुण्यात एका प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याचं काम करते, त्यामुळं असल्या गोष्टींना मी खुशाल हसायचे. आता हसत नाही.

माझ्या भावजयीचं बाळंतपण पुण्यात झालं. दवाखान्यात विचारलं, नाळ संशोधनाला देता का? तिनं राजीखुशीनं हो म्हटलं. बाळ मात्र जगलं नाही.

नाळेतल्या शिरेला आतून पेशींचं अस्तर असतं. ते सोडवून उबेत ठेवलं, खाऊपिऊ घातलं, की पेशी वाढत राहतात. त्या दवाखान्यातून आमच्याकडं त्या येतात तेव्हा त्यांना नाव नसतं, नुसता नंबर. त्यांच्यावर आम्ही हिरडा तपासत होतो. आमच्याच डोंगरातला, कोवळा तोडून उन्हात काळा पडेस्तोवर वाळवलेला. त्याच्या अर्कानं रक्तवाहिन्यांच्या पेशी वाचतात का, एवढंच बघायचं होतं. प्रयोगाच्या ताटलीत वाचल्या म्हणजे माणसाच्या अंगात वाचतीलच असं नाही, हे मी गावात घसा कोरडा पडेस्तोवर सांगितलं. ऐकतंय कोण?

एका दुपारी भावजय प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली. मिळेल ती एसटी धरून एकटीच आली होती.

"वन्सं, आत्यांनी नाळ मागितलीया. पुरायला."

आत्या म्हणजे माझी आई. मी म्हटलं, "अगं, नाळ कुठली आता? नुसत्या पेशी उरल्यात. त्यातल्या तुझ्या कोणत्या, ते ब्रह्मदेवालासुद्धा सांगता यायचं नाही."

ती हलेना. शेवटी साहेबांना विचारून तिला पडद्यासमोर बसवलं. पेशींचं चित्रण चालू होतं. फरशा बसवाव्यात तशा एकमेकींना चिकटलेल्या, पण हळूहळू सरकणाऱ्या. एक फुगली, गोल झाली आणि तिच्या दोन झाल्या.

"जित्त्या हायेत?"

"आहेत."

तिनं पडद्यावर बोट टेकवलं. "ह्यो माझा."

मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले.

"ह्यांचं काय करता तुमी?"

मला राग आला, कुणाचा ते देव जाणे, आणि मी फाडकन खरं सांगून टाकलं. एकाच बाळाच्या पेशी दोन ताटल्यांत वाटतो. एकीला हिरडा देतो, दुसरीला नाही. मग दोन्हींना विष. हिरडा न मिळालेल्या आखडतात, तळ सोडतात, तरंगायला लागतात. हिरडा मिळालेल्या बऱ्याचशा तळ धरून राहतात.

"एकाच बाळाच्या?"

"हो. तोच इकडं, तोच तिकडं."

ती पडद्याच्या अजून जवळ सरकली.

"ह्याला हिरडा दिलाय?"

"या ताटलीला दिलाय," मी म्हटलं. ते खरं होतं.

"मंग न्हाई नेत."

तिला घरी पोचवायला मीच गेले. एकटं सोडायची मला भीती वाटत होती. आईनं न्हाणीमागं खड्डा खणून ठेवला होता, शेजारी हळदकुंकू. "आणली का गं?" तिनं विचारलं. भावजयीनं पदर खोचला, खाली बसली आणि दोन्ही हातांनी माती खड्ड्यात लोटायला लागली. आई तिचा हात धरायला वाकली.

"ऱ्हाऊ द्या, आत्या," ती म्हणाली. "अर्धा अजून जित्ता हाय."