कुटुंब कुठे राहते?

नागपूरची राजधानी भोपाळला निघाली तेव्हा लाल बस्त्यांत बांधलेल्या फायली निघाल्या आणि त्यांच्यामागे आम्ही कारकून. आप्पा, माझे वडील, मला पोचवायला आर्वीहून आले होते. ते सरकी काढायच्या जिनात काट्यावर कापूस तोलायचे. शिक्षण चौथी. घरातला पहिला बी.ए. राजधानीत चालला म्हणून त्यांनी धुतलेली टोपी घातली होती. माझ्या बायकोला, कुसुमला, तेव्हा सहावा महिना होता. गाडी हलली तसे आप्पा खिडकीबरोबर चालत म्हणाले, "क्वार्टर भेटलं की सूनबाईले लगेच ने. आन् कागदावर खोटं लिहू नको."

आर्वीतल्या मित्रांनो, तुम्हाला मी साहेब झालो असं वाटतं. जे माझ्याबरोबर आले त्यांना खरं ठाऊक आहे. भोपाळच्या जुमेराती मोहल्ल्यात एका खोलीत आम्ही चौघे राहायचो. झोपायला लाकडी तखत दोनच, म्हणून पाळीपाळीनं जमिनीवर. चार राज्यांची दफ्तरं एकाच शहरात येऊन पडलेली. बिऱ्हाड करता येईल अशा जागेचं भाडं ऐकूनच आम्ही परत फिरायचो. नवे क्वार्टर बांधले जात होते, सगळ्यांचा जीव तिकडे.

पहिल्याच आठवड्यात क्वार्टरचा फॉर्म आला. त्यात एक रकाना होता, कुटुंब कुठे राहते? मी वळणदार अक्षरात लिहिलं, आर्वी, जिल्हा वर्धा.

यादी लागली. माझं नाव नव्हतं. अलॉटमेंटच्या बाबूंनी फॉर्म काढून पाहिला आणि पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "मियां, ये क्या लिख मारा? फॅमिली साथ नहीं, तो क्वार्टर किसके लिए?"

"क्वार्टर मिलेगा तभी तो लाऊंगा."

"लाते सब बाद में ही हैं. लिखता कोई नहीं."

आमच्या खोलीतल्या देशमुखांची बायको अमरावतीलाच होती. त्यांनी 'सोबत' लिहिलं होतं. त्यांना दोन खोल्या मिळाल्या. जाताना ते आपला तखत मला देऊन गेले, आणि खोलीत त्यांच्या जागी दुसरा कारकून आला.

मुलगी झाल्याचं मला पत्रानं कळलं. ती चालायला लागली तेव्हा आप्पा भोपाळ बघायला आले. मी त्यांना तलाव दाखवला, दफ्तर दाखवलं, आणि शेवटी खोली दाखवावीच लागली. दोरीवर तिघांची धोतरं आणि माझी विजार वाळत होती. आप्पा तखताच्या कडेवर बसले.

"बापू, मले चौथीवर तीन खोल्या झाल्या. तुले बी.ए.वर एक होत नाही?"

मी रागावलो. तुमच्या वेळी गावाबाहेर जागा मिळायची, म्हटलं, विटा घरीच पाडल्या, भिंती उचलायला शेजारी आले. इथं मी कोणाला हाक मारू? चौथी खोली आप्पांनी बांधलीच नव्हती. माझं कॉलेज तेव्हाच सुरू झालं होतं, तिचे पैसे तिकडे लागले. हे मला बोलून झाल्यावर आठवलं. मला खरा राग त्यांचा नव्हताच. त्यांनी सांगितलं तेवढं सगळं मी केलं होतं, शिकलो, पास झालो, खरं लिहिलं. त्यांच्या काट्यावर जे चालत होतं ते इथं चालत नव्हतं, आणि हे त्यांना कोणत्या भाषेत सांगावं ते मला कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते गेले.

पंधरा दिवसांनी कुसुमचं पत्र आलं. "मामंजी सगळ्यांना सांगतात, तुम्हाला क्वार्टर मिळालं, दोन खोल्या आहेत, नळ घरात आहे, मागे तुळशीपुरतं अंगण आहे. ऐकून शेजारच्या काकूंनी मुलीला झबलं शिवलं. मग आम्हाला कधी नेता? की न्यायचंच नाही?"

जन्मभर ज्यांनी काट्याला बोट लागू दिलं नाही, त्या माणसानं माझ्यासाठी दोन खोल्या आणि वर एक अंगण तोलून दिलं होतं.

या वर्षीचा फॉर्म काल भरला. त्या रकान्यापाशी थांबलो. टाक दोनदा दौतीत बुडवला आणि लिहिलं, सोबत. अक्षर माझं वाटत नव्हतं.

आर्वीच्या तीन खोल्यांत मी आता पाहुणा असतो आणि जुमेरातीची खोली चौघांची आहे. घर म्हणावं असं मला सध्या एकच आहे, आप्पांनी आर्वीत सांगितलेलं. नळ आत आहे, तुळशीपुरतं अंगण आहे. यादी लागायची आहे.