भागूबाईचं धारेवरचं घर

भोरच्या कॉलेजात मी एकतीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं. त्यामुळे निवृत्तीनंतरही वादविवाद स्पर्धेला परीक्षक म्हणून मलाच धरून नेतात. यंदाचा विषय होता, 'सत्तेवरच्या विचारसरणीमुळे बेघरांची संख्या बदलते का?' सोमनाथ म्हणाला, बदलते. सरकारने मनावर घेतलं तर घरं उभी राहतात. धनश्री म्हणाली, छे, झेंडा कोणताही असो, फुटपाथ तोच. दोघांनाही परदेशातल्या शहरांचे आकडे पाठ होते. शेजारच्या वेल्ह्याचं नाव एकानेही काढलं नाही.

मागे भागूबाई कप विसळत होती. ती माझ्याकडे कामाला असते. त्या दिवशीच्या चहासाठी मीच तिला नेलं होतं. परतताना म्हणाली, "लई भांडली पोरं. पर बाई, बेघर म्हंजी कोण वो?"

"तू," मी म्हणाले. मला गोड बोलता येत नाही.

"या बया! मला घर हाय की."

या "हाय की"नेच तिचा घात केला होता. वेल्ह्याच्या डोंगरधारेवर धनगरांची नऊ घरं होती, त्यातलं एक तिचं. कारवीच्या कुडाच्या भिंती, वर गवत, शेजारी शेरडांचा गोठा. एका पावसाळ्यात वरची माती सरकली आणि सगळ्यांना खालच्या शाळेत आणून ठेवलं. भागूबाईने येताना चुलीचे तीन दगड तेवढे डोक्यावर आणले. शाळेच्या ओट्यावर ते मांडून ती भाकरी थापत असताना घरकुलाच्या यादीवाला आला. "राहतं घर आहे का?"

"हाय की. वर धारेवर."

त्याने 'आहे' लिहिलं आणि गेला. चूल पेटवणारी बाई "घर नाही" म्हणाली की घर ते ऐकतं आणि खरंच रुसून जातं, असं तिच्या वाड्यावर मानतात. बाकीच्या आठ घरांत पुरुष बोलले. त्यांना पत्र्याची का होईना, घरं मिळाली. भागूबाईचा नवरा आधीच वारला होता.

विचारसरणीने फरक पडतो, हे माझं मत मी सोडणार नाही. यादी कुणी काढायची आणि जमिनीचा कागद मागायचा की नाही, हे तिथेच ठरतं. पण सोमनाथ-धनश्रीच्या आकड्यांत भागूबाई कुठल्याच रकान्यात नव्हती. सहा वर्षं ती भोरात एका गोठ्याच्या पडवीत राहतेय. ते तीन दगड तिथेही आहेत. सकाळी भांडी घासताना एकदम थांबते. "आता धारंवर सोनकी फुलली आसंल," म्हणते, आणि नळ तसाच वाहत राहतो.

मागल्या महिन्यात नव्या यादीची बातमी आली. नाव लागलं तर गावठाणात जागाही देऊ, असं सरपंच म्हणाले. मी तिला आठवडाभर पढवलं. "म्हण, घर नाही."

"घर..." म्हणायची, आणि ओठ मिटायची.

"अगं, दोनच अक्षरं पुढची!"

"तुमचं काय जातंय, बाई? तुमची चूल ग्यासची."

शेवटी तिच्यासोबत मीही वेल्ह्याच्या एसटीत बसले. शाळेच्या त्याच ओट्यावर शेफाली नावाची मुलगी मोबाईलवर माहिती भरत होती. "मावशी, राहतं घर आहे का?"

भागूबाईने माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुमी सांगा. म्या भाईर हुबी ऱ्हाते." आणि पदर कानावर ओढून निघून गेली.

जन्मभर भरल्या वर्गापुढे बोललेली मी; ती लांब गेली का, ते आधी पाहिलं. "तिला घर नाही," मी म्हणाले. शेफालीने बोट टेकवलं. झालं.

बाहेर भागूबाई शाळेकडे पाठ करून, धारेकडे बघत उभी होती. वर गवताशिवाय काहीही दिसत नव्हतं.

"सांगितलंत?"

"सांगितलं."

"हळू बोलला न्हवं? वर ऐकू न्हाई गेलं?"

मी, कधी हळू न बोलणारी, म्हणाले, "नाही गं. अगदी हळू बोलले."