माझ्यानं होत न्हाई

लोहा गावात कुणाच्या घरी साप निघाला, की सगळे आमच्या गल्लीतल्या सायकल दुकानवाल्या मामांनाच बोलावतात. ते हातात लोखंडी आकडा घेऊन येतात, दाराशी थांबून डोळे मिटतात आणि मोठ्यानं म्हणतात, "प्रभू येशू, माझ्यानं होत न्हाई. तू कर!" पोरं हसतात. इतके साप धरले, तरी ह्यांचं दर वेळी तेच.

परवा नाग माझ्याच स्वयंपाकघरात निघाला. गॅसच्या टाकीमागं फणा काढलेला, आणि वर ओट्यावर माझी चार वर्षांची लेक! मामा धावत आले. या वेळी त्यांनी प्रार्थना दोनदा म्हटली.

मी ओरडले, "मामा, भीती वाटती का?"

"लई वाटती. म्हणून तर त्याच्याकडं मागून राहिलो." मग लेकीकडं बघून ते हसले. "बाळा, हलू नको हं."

नाग फुत्कारला. मामांनी त्याला आकड्यावर अलगद उचललं, सोबत आणलेल्या मोठ्या बरणीत सोडलं आणि झाकण लावलं. मी लेकीला छातीशी धरून हसत होते, रडत होते.

"मामा, तुम्ही वाचवलंत!"

"मी न्हाई, ताई. त्याची कृपा. आता ह्याला माळावर सोडायचाय. माझ्यासाठी प्रार्थना करा."

"मला येत न्हाई हो."

"मला तरी कुठं येती? नुसतं मदत कर म्हणा."

त्यांनी फटफटीला किक मारली. सगळी गल्ली बघत होती, तरी मी दारातून जोरात ओरडले, "देवा, मामांना मदत कर!"