टिपणीसांची डबी

ठाकुर्लीच्या चंद्रकिरण सोसायटीत विश्राम टिपणीसांना पाठीमागे ‘डबीवाले’ म्हणतात, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. त्याचं त्यांना काही वाटत नाही. माणसाला वाटेल त्या नावाने हाक मारा, फक्त तो आपल्या घरात काय बोलतो ते ऐकू नका, एवढंच बहात्तर वर्षांच्या ह्या गृहस्थाचं जगाकडे मागणं आहे.

डबी म्हणजे प्रवासात बरोबर न्यायचा छोटा राउटर. साबणाच्या वडीएवढा, पांढरा, वर एक निळा दिवा. कुठल्याही वायफायला आधी ही डबी स्वतः चिकटते आणि मग आपलं वेगळं, घरगुती वायफाय काढून देते. त्यातून जे जातं ते बंद नळीतून गेल्यासारखं जातं. मध्येच कुणी कान लावलाच तर त्याला नुसती खरखर ऐकू येणार. टिपणीस हे समजावून सांगायला लागले की ऐकणारा घड्याळाकडे बघू लागतो. पण टेलिफोन खात्यात छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला अर्धवट सांगता येत नाही, त्याला कोण काय करणार?

डबीला वासंतीबाईंनी जुन्या इरकलीच्या काठाची, नाडी ओढून बंद करायची पिशवी शिवून दिली आहे. खोपटच्या डेपोत अलिबागच्या गाडीची वाट बघताना, गुडघ्याच्या डॉक्टरांकडे नंबर लागेपर्यंत, बँकेत, जिथे फुकटचं वायफाय आणि भिंतीला प्लग दिसेल तिथे पिशवीची नाडी सुटते. “लग्नाला जाताना आहेराचं पाकीट घरी विसरतील, पण डबी विसरायचे नाहीत,” असं वासंतीबाई चारचौघांत सांगतात. मात्र ही डबी का घेतली हे दोघांनीही कधी कुणाला सांगितलेलं नाही.

निमित्त झालं मुलाचं. अद्वय कोलशेतला एकविसाव्या मजल्यावर राहतो. आईबाबांना कुणी ऑनलाइन गंडवू नये म्हणून त्याने ठाकुर्लीच्या घरात चांगलं वायफाय बसवून दिलं आणि त्याची सगळी सूत्रं आपल्या फोनवर ठेवली. एका रविवारी जेवताना तो म्हणाला, “बाबा, मंगळवारी दुपारी तुम्ही त्या गुडघ्याच्या तेलाच्या साइटवर गेलेलात ना? फ्रॉड आहे ते. आणि आई, तू पण त्या भविष्यवाल्याचं बघणं जरा कमी कर.”

“तुला काय माहीत?” टिपणीसांनी विचारलं.

“ॲपवर दिसतं ना सगळं. कुठल्या फोनवरून काय उघडलं, किती वाजता.”

पोरगा प्रेमानेच बोलत होता. वासंतीबाई लाजून हसल्या. टिपणीसांचा घास मात्र हातातच राहिला. कोलशेतला बसलेला आपला मुलगा ट्रंक बोर्डावर बसला आहे आणि लाईनीवर आपण दोघं आहोत, असं त्यांना झालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी डबी मागवली. ती लावायला शिकण्यात तीन दिवस गेले आणि चष्म्याची एक काडी मोडली.

ट्रंक बोर्ड म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. पूर्वी डोंबिवलीहून पुण्याला फोन करायचा तर एक्स्चेंजकडे नंबर नोंदवून तासन्‌तास वाट बघावी लागे. फोन जोडला की ऑपरेटर मध्ये येऊन विचारी, “बोलणं चालू आहे का?” आणि तीन मिनिटं झाली की, “वाढवू का?” ज्याला अमुक एका माणसाशीच बोलायचं असे, त्याचा कॉल ‘पी.पी.’, म्हणजे पर्टिक्युलर पर्सन. तो माणूस फोनवर येईपर्यंत ऑपरेटरने लाईनीवर थांबायचं. थांबलं की ऐकू येणारच. पण ऐकू आलेलं बाहेर न्यायचं नाही, हा नियम. टिपणीसांनी तो छत्तीस वर्षांत एकदाच मोडला.

चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. टिपणीस तेव्हा डोंबिवलीत चाळीत राहत आणि एक्स्चेंजमध्ये ट्रंक बोर्डावर बसत. एका दुपारी त्यांच्याच गल्लीतल्या वाण्याच्या नंबरावरून कॉल नोंदवला गेला, पुण्याच्या एका मेंदूच्या डॉक्टरांसाठी, पी.पी. वाण्याचं दुकान त्या वेळी गिऱ्हाइकांसाठी बंद होतं आणि आत फोनवर होती उत्तरा रणदिवे, समोरच्या बिऱ्हाडातली तेवीस वर्षांची मुलगी. तिचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. लहानपणी तिला फिट यायची. आता आठ वर्षांत आली नव्हती. मुलाकडच्यांना ती स्वतःच सांगणार होती, फक्त कुठल्या शब्दांत सांगू, एवढंच डॉक्टरांना विचारत होती. डॉक्टर आले तेव्हाच टिपणीसांनी लाईनीवरून बाजूला व्हायला हवं होतं. ते झाले नाहीत.

घरी जेवताना त्यांनी बायकोला सांगितलं, चहाडी म्हणून नव्हे, कळवळ्याने. वासंतीबाईंनीही कळवळ्यानेच शेजारच्या एका मावशींना सांगितलं, “कुणाला बोलू नका हं,” असं बजावून. गोष्ट षट्कर्णी व्हायला आठ दिवस पुरले. उत्तराला तोंड उघडायला मिळायच्या आतच मुलाकडच्यांचा निरोप आला आणि लग्न मोडलं. ती पुढे शाळेत गणित शिकवू लागली, लग्न तिने केलंच नाही. टिपणीस नवरा-बायकोंनी त्या विषयाला घरात पुन्हा हात घातला नाही. पण आजही कुठे चार बायका आवाज खाली आणून बोलायला लागल्या की वासंतीबाई पाणी प्यायच्या निमित्ताने उठून जातात. मला विचाराल तर दुष्टपणाने केलेलं पाप माणूस विसरू शकतो, कळवळ्याने केलेलं विसरता येत नाही.

गेल्या दिवाळीत समोरच्या इमारतीत निनाद नावाचा तरुण, त्याची बायको आणि मावशी राहायला आली. मावशी म्हणजे उत्तराताई. चौसष्ट वर्षांच्या, ताठ चालीच्या, संध्याकाळी दहावीच्या मुलांची शिकवणी घेणाऱ्या. टिपणीसांनी त्यांना बाल्कनीतून ओळखलं आणि सकाळी फिरायला उलट्या बाजूने जायला सुरुवात केली. चार महिने हे जमलं. मग एका बुधवारी त्यांनी टिपणीसांना गेटवर गाठलंच.

“विश्रामभाऊ, तुमच्याकडे ती डबी आहे म्हणे.”

“आहे,” टिपणीस म्हणाले.

“उद्या अकरा वाजता अर्धा तास मिळेल का? तुमच्या घरी बसूनच वापरेन. टॅबवर डॉक्टरांशी बोलायचंय. आमच्याकडचं वायफाय निनादच्या हातात, कोण काय बघतं ते सगळं त्याला दिसतं. माझा फोन साधा, बटणांचा.” त्यांनी आवाज खाली आणला. “ह्या महिन्यात दोनदा फिट आली मला. इतक्या वर्षांनी. निनादला कळलं तर काळजीने अर्धा होईल बिचारा, पण माझी शिकवणी बंद होईल आणि एकटीने जिना उतरणंही. आधी डॉक्टर काय म्हणतात ते ऐकते. मग मीच सांगेन त्याला, माझ्या तोंडाने.”

टिपणीसांनी मान डोलावली आणि घरी येऊन खुर्चीत बसून राहिले. ज्या माणसाने एकदा घात केला त्याच्याच पदरात ही बाई पुन्हा आपलं गुपित घालत होती, आणि आपण काय करतो आहोत हे तिला माहीत नाही, असं त्यांना वाटत होतं. बायकोला ते एवढंच म्हणाले, “उद्या अकराला उत्तराताई येणार आहेत. त्यांचं बोलणं होईपर्यंत आपण बाहेर बसायचं.”

कुणाशी बोलणं, हे वासंतीबाईंनी विचारलं नाही. भाजी निवडताना त्यांचे हात तेवढे थांबले.

गुरुवारी उत्तराताई बरोबर अकराला पाच मिनिटं असताना आल्या. डबी आधीच लावून ठेवली होती. त्यांनी टेबलावर टॅब उभा केला, वायफायच्या यादीत डबीचं नाव पाहिलं आणि एकदम हसल्या. “पी.पी.! हे नाव तुम्हीच ठेवू शकता.”

टिपणीसांना उभं राहवेना आणि बसवेना. “उत्तराताई, डबीवरून बोलायच्या आधी मला काही सांगायचंय. नंतर वाटलं तर उठून जा. चौऱ्याऐंशी साली...”

“वाण्याच्या फोनवरून केलेला कॉल,” उत्तराताई म्हणाल्या. “‘तीन मिनिटं झाली, वाढवू का?’ अहो, गल्लीच्या गणपतीत आरतीनंतर माइकवरून सूचना तुम्हीच द्यायचात. तो आवाज मला ओळखू येणार नाही? लग्न मोडलं तेव्हा कुणाला काही विचारावं लागलं नाही मला.”

स्वयंपाकघराच्या दारात वासंतीबाई उभ्या होत्या. त्यांनी चौकट धरली. “त्यांनी नाही गं बाहेर सांगितलं. मी सांगितलं, शेजारच्या मावशींना. मी.” आणि एक्केचाळीस वर्षं अडवून धरलेलं रडू त्यांना आलं.

“माहीत होतं, वहिनी.”

“मग इतकी वर्षं एका शब्दाने बोलला नाहीत?” टिपणीसांनी विचारलं.

“राग होता ना. चांगला दहा-बारा वर्षं पुरला. मग वर्गात साठ-साठ पोरं, त्याला जागाच उरली नाही.”

“आणि तरी आमच्याच घरी आलात?”

“दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो,” उत्तराताई म्हणाल्या. “ह्या दोन इमारतींत फुंकून पिणारं घर मला तुमचंच दिसलं.” मग त्या वासंतीबाईंकडे वळल्या. “वहिनी, मला फिट परत येतेय. हे मी तुम्हाला सांगतेय. ह्या वेळी तुम्हाला ते नुसतं ऐकू आलेलं नाही.”

वासंतीबाईंनी पदराने डोळे पुसले आणि मान हलवली. टिपणीसांनी डबीचा निळा दिवा स्थिर असल्याचं पाहिलं, पासवर्डची चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि बायकोला घेऊन बाहेर येऊन दार ओढून घेतलं.

दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर दोघं बसली. वासंतीबाईंचा गुडघा वाकत नव्हता, म्हणून त्यांनी पाय लांब केला आणि जिना अडला. वरच्या मजल्यावरची मुलगी पाय ओलांडून जाताना म्हणाली, “काय आजोबा, लॅच लागलं की काय? चावीवाल्याला बोलवू?”

“नको गं. घरात बोलणं चालू आहे,” टिपणीस म्हणाले. ती काही न समजून खाली उतरली.

दहा मिनिटांनी घाईघाईने कुणीतरी वर आलं. निनाद होता. घरच्या चपला आणि गळ्यात हेडफोन, घरून चाललेल्या कामावरून तसाच उठून आलेला.

“काकू, मावशी आलीय का तुमच्याकडे?” त्याने विचारलं. “हल्ली ती नीट जेवत नाही. काल हातातून कप पडला तिच्या, विचारलं तर बोललीच नाही. तुम्ही तिच्या जुन्या ओळखीच्या ना? काही झालंय का तिला? प्लीज, माहीत असेल तर सांगा.”

पोराचे डोळे भरले होते. टिपणीसांनी बायकोकडे पाहिलं. बायकोचा चेहरा त्यांना पाठ होता. डोळ्यांत तोच कळवळा होता, चौऱ्याऐंशी सालचा, जसाच्या तसा. ओठ उघडले.

“अरे बाळा,” वासंतीबाई म्हणाल्या, “तुझी मावशी आत आहे आणि बरी बसलीय. बाकीचं तिचं आहे. दार उघडलं की तिलाच विचार.” आणि दुखरा गुडघा दोन्ही हातांनी उचलून त्यांनी पायरीवर जागा केली. “तोवर बस इथे.”

निनाद बसला. तिघं जिन्यात बसून राहिली. आतून उत्तराताईंचा आवाज अस्पष्ट येत होता. टिपणीसांनी घसा खाकरला आणि कुकरच्या रिंगा हल्ली कशा वर्षभरही टिकत नाहीत ह्याबद्दल मोठ्याने बोलायला सुरुवात केली. वासंतीबाईंनीही तावातावाने त्यात भाग घेतला. निनाद दोघांकडे वेड्यासारखा बघत राहिला.

अकरा पस्तीसला दार उघडलं. भाच्याला पाहून उत्तराताई उंबऱ्यातच थबकल्या. मग त्यांची नजर वासंतीबाईंवर गेली आणि तिथेच राहिली. वासंतीबाईंनी हलकेच, फक्त त्यांनाच कळेल अशी, नकाराची मान हलवली.

उत्तराताईंचा चेहरा सैल झाला. “निनाद, आत ये,” त्या म्हणाल्या. “मला तुला काहीतरी सांगायचंय.”

निनाद आत गेला. आपलंच घर, म्हणून टिपणीसही सवयीने उठले आणि दाराकडे निघाले. वासंतीबाईंनी मागून त्यांचा सदरा धरला.

“तुम्ही कुठे चाललात?” त्या म्हणाल्या. “बोलणं चालू आहे.”

टिपणीसांनी दार ओढून घेतलं आणि पुन्हा पायरीवर येऊन बसले.