दहा मिनिटं

आज भिंतीवरच्या घड्याळाचा सेल बदलायला स्टुलावर चढलो आणि सिंदी गावातलं आमचं जुनं घर आठवलं. गाडी चुकू नये म्हणून बाबा तिथलं घड्याळ कायम दहा मिनिटं पुढे ठेवायचे, आणि ते सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे जो तो मनातल्या मनात दहा वजा करायचा. वर्ध्याला माझी मुलाखत होती त्या सकाळीही बाबा काट्यांकडे पाहून म्हणाले, “दहा मिनिटं हायेत अजून, चहा पिऊन घे.” अद्रकाचा चहा आम्ही फुंकून फुंकून प्यालो आणि फलाटावर पोचलो, तेव्हा गाडीचा शेवटचा डबा सिग्नलपलीकडे जात होता. घरी परतलो तर नवी वहिनी रडवेली होऊन सासऱ्यांना, म्हणजे बाबांना म्हणाली, “मामाजी, मीच काल मोबाईल पाहून घड्याळ बरोबर लावलं.” बाबा चिडतील असं वाटलं, पण ते घड्याळाकडे बघत राहिले. “तुयी चूक नाई, बाई. ते खरं सांगून राह्यलं होतं, आपूनच त्याले खोटं समजलो.” ती नोकरी गेली, पण घड्याळ पुन्हा कधी पुढे झालं नाही. आज मीही मोबाईल पाहून काटे बरोबर लावले आणि खाली उतरलो. बायको चपला घालून दारात उभी होती. “चला ना, उशीर होऊन राह्यला.” मी वर पाहिलं, जुन्या सवयीनं मनातल्या मनात दहा वजा केले आणि म्हणालो, “दहा मिनिटं हायेत अजून.”