इझाबेलची कळशी

गिरीज गावात लग्न निघालं, की विधीसाठी विहिरीचं पाणी मिरवत आणणाऱ्या बायकांच्या पुढे कळशी घेऊन इझाबेल असायची. भरलं अंग, लाल लुगडं, छातीवर सोन्याची पोत. लोक म्हणत, घरची बरकत चालत येतेय. मागून येणाऱ्या तिच्या काटकुळ्या धाकट्या जावेच्या, सालोमीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. घरातल्या चोळ्या सालोमीच शिवायची. इझाबेलच्या एका चोळीच्या कापडात आपल्या दोन होतील, या विचाराने तिची सुई बोटात रुतायची.

पाळी गेल्यावर इझाबेल आणखी सुटली, साखरेचा आजारही जडला. तिच्यासाठी घरात वेगळं जेवण होऊ लागलं. सालोमीला त्याचाही हेवा वाटला.

त्र्याऐंशी सालच्या पावसाळ्यानंतर दोघींच्या पुतण्याचं, वॉल्टरचं लग्न ठरलं. नवी चोळी इझाबेलच्या अंगावर बसवताना सालोमीचा हात थबकला. डाव्या छातीची कातडी एका जागी आत ओढली गेली होती. खाली बोटाला टणक गाठ लागली. इतकी वर्षं जळून जळून न्याहाळलेलं ते अंग. त्यातला फरक तिच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं.

इझाबेल म्हणाली, साखरवाल्यांना गळवं येतातच, पोटीस बांधते, लग्नानंतर बघू. सालोमीने डॉक्टरकडे चलण्याचा हट्टच धरला, तशी ती हसली.

"मी दवाखान्यात पडले की कळशी कोणाकडे जाईल, ते कळतं मला."

"हवीच आहे मला कळशी," सालोमी म्हणाली. "पण तू बघत असताना हवी. तू गेल्यावर मिळाली तर त्यात काय मजा, बाय?"

 इझाबेलने गळ्यातली पोत काढून सालोमीच्या हातात दिली. दवाखान्यात सोनं नेत नाहीत, सांभाळ म्हणाली.

मुंबईच्या डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला. वेळेत आलात म्हणाले. पाळी गेल्यावर अंगावर चढलेली चरबी या रोगाचा धोका वाढवते, मधुमेहाचाही हातभार असू शकतो. मात्र बारीक बायकांनाही तो होतो. सालोमी खाली मान घालून ऐकत होती. त्याच चरबीवर तर ती जळत आली होती.

ऑपरेशन झालं, म्हणून लग्न पुढे ढकललं. लग्नाच्या दिवशी कळशी सालोमीच्या डोक्यावर होती. मिरवणूक मांडवात शिरली आणि सगळ्या बायका वाळलेल्या इझाबेलच्या खुर्चीभोवती जमल्या. कशी तरणी दिसतेस, म्हणू लागल्या.

भरली कळशी घेऊन सालोमी एकटीच उभी राहिली, धुमसत. तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. बायकांच्या खांद्यांमधून वाट काढून फक्त इझाबेल बघत होती.